महागड्या यांत्रिक घड्याळाची अचूकता कशी तपासावी आणि वॉरंटीतली दुरुस्ती कशी करून घ्यावी

एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. यांत्रिक घड्याळ त्यांतले पाच सेकंद चुकले, तर ती चूक ०.००६ टक्केही भरत नाही. तरीही काही लाख रुपये मोजून घेतलेले घड्याळ आठवड्याभरात एक मिनिट पुढे गेले, की मालकाला शंका येते. ती रास्तच असते, कारण अचूकतेचा आकडा कंपनीनेच छापून दिलेला असतो. खरी अडचण पुढे सुरू होते. सेवा केंद्रात जाऊन ‘घड्याळ पुढे जाते’ एवढेच सांगितले, की तिथला तंत्रज्ञ ते यंत्रावर ठेवतो, दोन-तीन मिनिटांत ‘सगळे मापात आहे’ असे सांगतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. घड्याळ किती तास तपासले, कोणत्या स्थितीत ठेवले होते आणि त्यात चावी किती भरलेली होती, हे ठरल्याशिवाय अचूकतेच्या आकड्याला अर्थ नसतो. म्हणून वॉरंटीची तक्रार काउंटरवर पोहोचण्याआधी घरातल्या नोंदवहीत तयार व्हावी लागते.

आपल्या घड्याळाचे माप आधी ठाऊक करून घ्यावे

सगळ्या घड्याळांना एक माप लागू होत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९७३ साली स्थापन झालेली सीओएससी ही संस्था क्रोनोमीटर, म्हणजे अचूक घड्याळाचे, प्रमाणपत्र देते. तिच्या चाचणीत घड्याळाचे यंत्र केसमध्ये (बाहेरच्या धातूच्या कवचात) बसवण्याआधी पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस या तीन तापमानांत तपासले जाते. नेहमीच्या आकाराच्या यंत्राचा सरासरी दैनिक फरक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत यावा लागतो. रोलेक्स कंपनी हे प्रमाणपत्र मिळालेले यंत्र केसमध्ये बसवल्यावर पुन्हा तपासते आणि उणे २ ते अधिक २ सेकंदांची हमी देते. ओमेगाच्या मास्टर क्रोनोमीटर घड्याळांची तपासणी मेटास या स्विस सरकारी मापनसंस्थेच्या निकषांनुसार होते. त्यांची मर्यादा ० ते अधिक ५ सेकंद असते, म्हणजे ही घड्याळे सरासरीने मागे पडणे मान्यच नाही. ग्रँड सीकोच्या नेहमीच्या यांत्रिक घड्याळांसाठी कंपनीचे स्वतःचे माप उणे ३ ते अधिक ५ सेकंदांचे आहे आणि ती चाचणी सतरा दिवस, सहा स्थितींत चालते. याउलट सीकोच्या स्वस्त घड्याळांतल्या ४आर३६ या यंत्राला कंपनीनेच दिवसाला उणे ३५ ते अधिक ४५ सेकंदांची मुभा दिलेली आहे. त्यामुळे असे घड्याळ पंधरा सेकंद पुढे गेले म्हणून तक्रार केल्यास ती टिकणार नाही.

माहितीपुस्तिकेतला किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरचा आकडा लिहून घेताना तो सरासरीचा आहे की प्रत्येक स्थितीचा, हे नीट वाचावे. वर दिलेले सीओएससीचे आकडे सरासरीचे आहेत. एखाद्या स्थितीत घड्याळ दिवसाला आठ सेकंद पुढे गेले म्हणून ते नापास ठरत नाही. बहुतेक वादांचे मूळ याच गैरसमजात असते.

नोंद कशी ठेवावी

स्वयंचलित घड्याळ असले तरी सुरुवातीला क्राउन (बाजूची चावीची गुंडी) फिरवून त्याला तीस ते चाळीस फेऱ्यांची चावी द्यावी. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाच्या मनगटावर रोटर (हाताच्या हालचालीने फिरून चावी भरणारे वजन) पुरेसा फिरत नाही आणि मेनस्प्रिंग, म्हणजे चावीची स्प्रिंग, अर्धवट भरलेली राहते. मग बॅलन्स व्हील या वेळ मोजणाऱ्या झुलत्या चाकाचा झोका कमी होतो आणि झोका कमी झाला की चाल बदलते. घरोघरी एचएमटी जनता घड्याळाला रोज सकाळी ठरलेल्या वेळी चावी देण्याची जी शिस्त होती, तिच्यामागे हेच शास्त्र होते. रोज त्याच वेळी, त्याच ताणावर नोंद झाली तरच आकड्यांची तुलना करता येते.

प्रमाणवेळ म्हणून इंटरनेटशी जुळलेली संगणकाची किंवा फोनची वेळ पुरते. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडून सांभाळली जाते आणि संगणकाचे घड्याळ तिच्या सर्व्हरशीही जुळवून घेता येते. सर्वांत चांगली पद्धत अशी, की संगणकाच्या पडद्यावर सेकंदांसह वेळ लावावी, घड्याळ त्याच्या शेजारी धरावे आणि दोन्ही एकाच चौकटीत येतील असे फोनने छायाचित्र काढावे. सेकंदकाटा आणि प्रमाणवेळ एकाच क्षणी टिपल्यामुळे डोळ्याची चूक टळते, आणि तारखेसह जपलेली ही छायाचित्रे पुढे पुरावा म्हणूनही उपयोगी पडतात. घड्याळ रोज जुळवत बसू नये. सुरुवातीचा फरक लिहावा आणि आठवडाभर क्राउन बाहेर ओढू नये.

उदाहरणादाखल एका आठवड्याची नोंद पाहू. सीओएससी प्रमाणित घड्याळ सोमवारी सकाळी सात वाजता २ सेकंद पुढे आहे. मंगळवारी त्याच वेळी ते ११, बुधवारी १९, गुरुवारी २८, शुक्रवारी ३६ आणि शनिवारी ४४ सेकंद पुढे दिसते. शनिवारी चावी भरून ते मनगटावरून उतरवले आणि तबकडी वर करून टेबलावर ठेवले, तेव्हा रविवारी ५८ सेकंदांचा फरक आला. रविवारी पुन्हा चावी भरून क्राउन खाली येईल असे आडवे टेकवून ठेवले, तर सोमवारी फरक ६० सेकंद. आठवड्याची बेरीज ५८ सेकंद, सरासरी दिवसाला ८.३.

या नोंदीतून तीन गोष्टी कळतात. वापराच्या पाच दिवसांत घड्याळ रोज ८ किंवा ९ सेकंद पुढे गेले. चाल मापाबाहेर असली तरी स्थिर आहे, म्हणजे यंत्र बहुधा निरोगी आहे आणि त्याला नियमनाची, म्हणजे चाल पुन्हा मापात बसवण्याची, गरज आहे. एक दिवस ३ पुढे, दुसऱ्या दिवशी ७ मागे, तिसऱ्या दिवशी ११ पुढे अशा घड्याळाची सरासरी २.३ येईल आणि कागदावर ते मापात बसेल, पण माझ्या मते काळजी करायची असेल तर या दुसऱ्या घड्याळाची करावी. दुसरी गोष्ट, तबकडी वर असताना १४ आणि क्राउन खाली असताना २, हे बारा सेकंदांचे अंतर मोठे आहे आणि तंत्रज्ञाच्या नजरेला आणून द्यायला हवे. तिसरी गोष्ट दुरुस्तीपर्यंतच्या काळासाठी. हे घड्याळ रोज रात्री आठ तास तबकडी वर करून ठेवले जात असेल, तर त्या वेळात ते साधारण ४.७ सेकंद पुढे जाते. तेच क्राउन खाली करून ठेवले, तर ०.७ सेकंद जाईल. रोजचे चार सेकंद वाचले, की सरासरी ८.४ वरून साडेचारच्या आसपास येईल, तेही घड्याळ न उघडता.

स्थितीने फरक का पडतो

घड्याळ सपाट ठेवलेले असताना बॅलन्स व्हीलचा दांडा त्याच्या बारीक टोकावर उभा असतो, त्यामुळे घर्षण कमी आणि झोका मोठा असतो. घड्याळ उभे केले, की दांड्याच्या दोन्ही टोकांच्या बाजू माणिकांच्या भोकांना घासतात, घर्षण वाढते आणि झोका घटतो. चाकाच्या एका बाजूला किंचितही जास्त वजन असेल, तर उभ्या स्थितीत गुरुत्वाकर्षणामुळे तो दोष उघडा पडतो. डाव्या मनगटावरचे घड्याळ हात खाली सोडला की क्राउन खाली या स्थितीत असते. ज्याचा दिवस चालण्यात जातो त्याचे घड्याळ आणि ज्याचा दिवस टेबलावर मनगट टेकवून जातो त्याचे घड्याळ, दोन्ही एकाच कारखान्यातून एकाच मापाने निघालेली असली तरी, वेगवेगळी वेळ दाखवू शकतात. म्हणून घड्याळ दिवसभर कसे वापरले जाते, हे तक्रारीत एका वाक्यात लिहावे. जाणकार तंत्रज्ञ नियमन करताना त्याचा विचार करतो.

घड्याळजीच्या टेबलावरचे टायमिंग यंत्र टिकटिक ऐकून तीन आकडे देते. पहिला म्हणजे चाल, दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे. दुसरा झोका, अंशांमध्ये. पूर्ण चावी दिलेल्या, सपाट ठेवलेल्या निरोगी आधुनिक घड्याळात तो साधारण २७० ते ३१० अंश असतो आणि चोवीस तासांनंतर उभ्या स्थितीत तो २०० च्या आसपास घसरत असेल, तर वंगण सुकल्याची किंवा कुठेतरी घर्षण वाढल्याची दाट शक्यता असते. तिसरा आकडा टिक आणि टॉक यांमधल्या विषमतेचा, मिलिसेकंदांत. तो अर्ध्याच्या आत असावा. झोक्याचा आकडा बरोबर यायचा असेल, तर यंत्रात त्या घड्याळाचा लिफ्ट अँगल (यंत्राच्या रचनेने ठरलेला एक कोन) भरावा लागतो. अनेक नेहमीच्या यंत्रांचा तो ५० ते ५२ अंश असतो, पण ओमेगाच्या को-ॲक्सियल यंत्राला ३८ भरला नाही तर निरोगी घड्याळाचाही झोका भलताच दिसेल. फोनवरची ॲप चालीचा ढोबळ अंदाज देतात. झोक्यासाठी त्यांच्यावर विसंबून वाद घालू नये.

वॉरंटीकडे जाण्याआधी चुंबकत्व तपासावे

काल दिवसाला तीन सेकंद पुढे जाणारे घड्याळ आज अचानक चाळीस सेकंद किंवा काही मिनिटे पुढे जाऊ लागले आणि ते पडलेले नसेल, तर पहिला संशय चुंबकत्वावर घ्यावा. बॅलन्सला झुलवणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी कमी होते आणि बॅलन्स वेगाने झुलू लागतो. टॅबलेटचे कव्हर, पर्सचे चुंबकी बटण, स्पीकर, फोनमागची चुंबकी चकती या सगळ्या वस्तू त्याला पुरेशा असतात. ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर घड्याळे १५,००० गॉसपर्यंतच्या चुंबकीय क्षेत्रात टिकतात, पण जुन्या धातूची हेअरस्प्रिंग असलेली घड्याळे अजून पुष्कळ मनगटांवर आहेत.

साधे सुईचे होकायंत्र टेबलावर ठेवावे. सुई स्थिर झाली, की घड्याळ हळूहळू तिच्या अगदी जवळ आणावे आणि जागच्या जागी फिरवावे. यंत्रात पोलाद असल्यामुळे सुई थोडी हलली तर काही बिघडत नाही. मात्र घड्याळाची एक बाजू सुईला ओढते आणि दुसरी तिला ढकलते असे दिसले, तर घड्याळ चुंबकित झाले आहे. हे चुंबकत्व काढण्यासाठी मागचे झाकण उघडावे लागत नाही. डिमॅग्नेटायझर (चुंबकत्व काढणारे उपकरण) सुरू ठेवून घड्याळ त्यापासून हळूहळू हातभर दूर न्यायचे आणि मगच बटण सोडायचे. घड्याळ जवळ असतानाच बटण सोडले, तर चुंबकत्व वाढू शकते. वॉरंटी चालू असलेल्या घड्याळावर हा प्रयोग स्वतः करण्यापेक्षा केंद्रात करून घेतलेला बरा. मात्र चुंबकत्व बाहेरून आलेले असल्यामुळे तो निर्मितीचा दोष मानण्याचा आग्रह धरू नये.

बाकीची लक्षणेही लिहून ठेवावीत. मध्यरात्रीच्या सुमारास घड्याळ थांबत असेल, तर तारीख बदलणाऱ्या यंत्रणेचा ताण त्याला झेपत नाही असे समजावे. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात आपल्याला क्राउनने तारीख झटपट बदलण्याची खोड असेल, तर दोष आपल्याकडेही असू शकतो. गोल्फ, टेनिस किंवा ढोल-ताशा पथकात ढोल वाजवल्यानंतर चाल बदलली असेल, तर ते लपवू नये. यंत्र उघडल्यावर धक्क्याच्या खुणा तंत्रज्ञाला दिसतात आणि मालकाच्या बाकीच्या म्हणण्यावरचा विश्वासही जातो. काचेच्या आतून वाफ दिसली, तर मात्र सात दिवसांची नोंद वगैरे सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी केंद्र गाठावे. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात गॅसकेटमधून (पाणी रोखणाऱ्या कडीतून) शिरलेला ओलावा पोलादी भागांवर लवकर गंज धरवतो.

वॉरंटीचा कागद कसा वाचावा

रोलेक्स, ट्यूडर आणि ओमेगा सध्या नव्या घड्याळांवर पाच वर्षांची आंतरराष्ट्रीय वॉरंटी देतात. कार्तिए, आयडब्ल्यूसी, जेजर-लकूल्त्र आणि पानेराई यांची मूळ वॉरंटी दोन वर्षांची असते, पण ती चालू असतानाच घड्याळाची ऑनलाइन नोंदणी केली तर ती आठ वर्षांपर्यंत वाढते. ही नोंदणी न केल्यामुळे सहा वर्षे गमावणे अगदी सोपे आहे, म्हणून खरेदीच्या आठवड्यातच ती उरकावी.

आंतरराष्ट्रीय वॉरंटीचा आधार म्हणजे अधिकृत विक्रेत्याने तारीख घालून दिलेले किंवा त्याच्या प्रणालीत सुरू केलेले कार्ड. दुबई किंवा सिंगापूरला घेतलेल्या घड्याळावर भारतात काम होते, पण कार्डावरचा क्रमांक आणि घड्याळावरचा क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे. अनधिकृत विक्रेत्याकडून स्वस्तात घेतलेल्या घड्याळावर बहुधा त्या दुकानाची स्वतःची वॉरंटी असते आणि कंपनी ती मानत नाही. अशा वेळी दाद त्या विक्रेत्याकडेच मागावी लागते. काच, पट्टा, नेहमीची झीज, अपघात आणि अनधिकृत हाताने उघडलेले घड्याळ या गोष्टी जवळजवळ प्रत्येक वॉरंटीत वगळलेल्या असतात. गल्लीतला घड्याळजी कितीही कुशल असो, वॉरंटीच्या काळात त्याला मागचे झाकण उघडू देऊ नये.

परदेशी जाताना घड्याळ तिथेच दुरुस्तीला टाकायचे असेल, तर निघतानाच विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना ते नवे समजून शुल्क मागितले जाणार नाही.

घड्याळ देताना

कोल्हापूर, नागपूर किंवा पणजीच्या ग्राहकाला बहुधा घड्याळ विक्रेत्यामार्फत मोठ्या शहरातल्या केंद्राकडे पाठवावे लागते, म्हणजे ते अनेक हातांतून जाते. देण्याआधी तबकडी, काच, चारही बाजू, पट्ट्याची कडी आणि मागचे झाकण यांची चांगल्या उजेडात छायाचित्रे काढावीत. असलेला प्रत्येक ओरखडा पावतीवर लिहिला जातो. तो वाचूनच सही करावी, कारण परत आल्यावर नवा ओरखडा कोणता आणि जुना कोणता हे त्याच कागदावरून ठरते. कार्डाची प्रत द्यावी, आणि मूळ कार्ड मागितले तर ते घेतल्याची नोंद पावतीवर करून घ्यावी.

तक्रारीच्या रकान्यात ‘वेळ बरोबर नाही’ असे लिहू देऊ नये. मजकूर असा असावा: ‘पूर्ण चावी दिलेल्या अवस्थेत, सात दिवसांची सरासरी दिवसाला अधिक ८.३ सेकंद. तबकडी वर अधिक १४, क्राउन खाली अधिक २. छापील मर्यादा उणे ४ ते अधिक ६. घड्याळ पडलेले नाही. चुंबकत्व तपासले आहे. नोंद सोबत जोडली आहे.’ शेवटी ‘पॉलिश करू नये’ हे स्वतंत्र ओळीत लिहावे. पॉलिशने केसच्या धारा बोथट होतात आणि गेलेला धातू परत येत नाही. अंदाजे किती दिवस लागतील आणि वाहतुकीत घड्याळाचा विमा आहे का, हेही तिथेच विचारून पावतीवर घ्यावे.

केंद्रात पुढे काय होते, हे माहीत असलेले बरे. चाल स्थिर पण मापाबाहेर असेल, तर केवळ नियमन पुरते. काही यंत्रांत त्यासाठी हेअरस्प्रिंगची लांबी बदलणारा दर्शक असतो. रोलेक्सच्या बॅलन्सवर मायक्रोस्टेला नावाच्या बारीक नट्स असतात आणि पॅटेक फिलिपच्या बॅलन्सवर जायरोमॅक्सची छोटी वजने. या दोन्ही प्रकारांना खास अवजार लागते, म्हणूनही हे काम अधिकृत केंद्रातच व्हावे. झोका कमी असेल, तर यंत्र पूर्ण उघडून, धुऊन, नवे वंगण घालून जोडावे लागते, आणि त्यासाठी काही आठवडे गेले तर नवल नाही.

परत घेताना

काउंटरवरच छायाचित्रे आणि घड्याळ शेजारी ठेवून पाहावे. क्राउन अडखळत नाही ना, काचेखाली तंतू किंवा धूळ नाही ना, आणि काटे पुढे नेल्यावर तारीख नीट बदलते ना, हे तपासावे. स्थितीनिहाय टायमिंगचा छापील कागद आणि पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्याची नोंद मागावी. घड्याळ उघडले गेले असेल, तर दाबाची चाचणी झाल्याशिवाय ते पावसात घालू नये. घरी आल्यावर तशीच सात दिवसांची नोंद पुन्हा ठेवावी. दुरुस्तीवर वेगळी हमी असते. रोलेक्स आणि ओमेगाच्या पूर्ण सर्व्हिसवर ती दोन वर्षांची असते. एकदाच्या नियमनाने चाल पूर्ण मापात आली नाही, तर न रागावता दुसऱ्यांदा द्यावे, कारण टेबलावरचे माप आणि मनगटावरचे माप जुळायला कधीकधी दोन प्रयत्न लागतातच.

तीनदा दुरुस्ती होऊनही दोष तसाच राहिला, किंवा वॉरंटी असताना कारण न देता नाकारली गेली, तर मात्र थांबू नये. कंपनीच्या भारतातल्या ग्राहक विभागाला सगळ्या पावत्या, नोंदी आणि छायाचित्रांसह ईमेल करावा. उत्तर समाधानकारक नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यानंतरचा मार्ग म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. घड्याळासाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि विक्रेता कुठेही असला तरी आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आयोग वस्तू तपासणीसाठी पाठवू शकतो, आणि दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकतो. दिवसाला दोन सेकंदांच्या फरकासाठी तिथे जाणे मला योग्य वाटत नाही, पण वारंवार फसलेल्या दुरुस्तीचे प्रकरण लेखी नोंदींवर नीट उभे राहू शकते.

एक तारीख मात्र कॅलेंडरमध्ये आजच टाकून ठेवावी: वॉरंटी संपण्याच्या दोन महिने आधीची. घड्याळ चांगले चालते असे वाटत असले तरी त्या आठवड्यात पूर्ण नोंद पुन्हा घ्यावी, सेकंदांबरोबर पूर्ण चावीवर घड्याळ किती तास चालते तेही मोजावे, आणि काही मापाबाहेर दिसले तर मुदत संपण्याआधीची तारीख पडलेली पावती हाती घ्यावी. पावतीवर तक्रार मुदतीत नोंदलेली असली, की दुरुस्तीला पुढे कितीही आठवडे लागले तरी ती मुदतीनंतरची ठरत नाही.